शेडमधली घाण

केतकरांना मुळात बिअरचा वासच सहन होत नसे, आणि बिअर होण्याआधी तिला जो वास येतो तो तर त्यांच्या मते माणसाच्या नाकासाठी नव्हताच. उकळत्या मॉल्टचा तो गोडसर, भिजलेल्या पोत्यासारखा दर्प वॉटफर्डच्या त्या गल्लीच्या तोंडाशीच त्यांना गाठायचा. गाडीतून उतरताना त्यांचा चेहरा असा व्हायचा की कुणाला वाटावं, गृहस्थ मयताला आलेत.

"आला, ज्ञाना आला!" शेडच्या दारातून कमलाकर ओरडायचा. "चेहरा बघा! अरे, अजून झाकण उघडलंसुद्धा नाही मी."

कमलाकर धामणकर आणि ज्ञानेश्वर केतकर नागपूरला शाळेत एका बाकावर बसलेले. पुढे एक मेडिकलला गेला, एक इंजिनिअरिंगला, आणि दोघंही थोड्या अंतराने विलायतेत येऊन पडले. कमलाकरने इथल्या हॉस्पिटलात उभी हयात लोकांना भूल देण्यात घालवली. केतकर स्टॅनमोरला राहत आणि मोजमापाची उपकरणं बनवणाऱ्या एका कंपनीत टेस्ट इंजिनिअर होते. कंपनीत त्यांचा दरारा होता तो दोन गोष्टींसाठी. त्यांनी पास केलेला सर्किट बोर्ड कधी परत येत नसे, आणि त्यांच्या बेंचजवळ कुणी सँडविच घेऊन आलं की ते त्या माणसाला अक्षरशः हाकलून देत. बोर्डाला उघड्या बोटाने हात लावणारा माणूस त्यांच्या लेखी न धुतलेल्या हाताने पंक्तीत वाढणाऱ्या माणसासारखा होता.

निवृत्तीच्या सुमारास कमलाकरची बायको शैला गेली. मग तो दिवसचे दिवस पायजम्यात बसून राहायला लागला. टीव्ही चालू असायचा आणि हा भिंतीकडे बघत बसायचा. केतकरांची बायको आश्लेषा डबे पाठवायची, ते तसेच फ्रिजमध्ये राहायचे. शेवटी शेजारच्या टेरी नावाच्या इंग्रजाने त्याला घरच्या घरी बिअर करणाऱ्यांच्या क्लबात ओढून नेलं, आणि काय जादू झाली कोण जाणे, माणूस पुन्हा दाढी करायला लागला. मागच्या अंगणातल्या शेडमध्ये ड्रम आले, नळ्या आल्या. फोनवर यीस्टच्या गप्पा सुरू झाल्या. तेवढ्या एका गोष्टीसाठी केतकरांनी बिअरला अर्धं माफ केलं होतं. पूर्ण माफ करणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

बोर्डाची कल्पना कमलाकरचीच. "बघ, आपल्याकडे इथल्या थंडीत इडलीचं पीठ फुगत नाही, तेव्हा वहिनी काय करतात? अव्हनमध्ये दिवा लावून ठेवतात. यीस्टचं सेम आहे. गारठलं की झोपतं. आणि ते झोपलं की बाकीचे जंतू जेवायला बसतात. मला असं काहीतरी करून दे की ड्रमचं टेंपरेचर आपलं आपण धरून ठेवेल."

केतकरांसाठी हा डाव्या हातचा मळ. ड्रममध्ये सोडायचा एक प्रोब, त्याचं तापमान वाचणारा, झाकणाच्या डबीत बसवलेला एक छोटा बोर्ड, आणि गार व्हायला लागलं की ड्रमभोवतीचा गरम पट्टा चालू करणारा एक रिले. क्लबातल्या लोकांनी तो पाहिला आणि प्रत्येकाला तसाच हवा झाला. कमलाकरने भर सभेत शब्द दिला, "माझा मित्र करून देईल. त्याच्या हातचं कधी चुकत नाही." बोर्ड केतकरांनी करायचे आणि प्रोब नळ्यांत सीलबंद करायचं काम कमलाकरने आपल्या शेडमध्ये करायचं, असं ठरलं.

त्या वर्षी क्लबाने आणखी एक गोष्ट ठरवली होती. ख्रिसमसच्या आधी शेजारच्या गावच्या क्लबाशी सामना असतो. त्यासाठी सगळ्यांनी आपापल्या शेडमध्ये एकच पाककृती करायची आणि सगळी बिअर एका पिंपात ओतायची. पाककृती निवडली ती कमलाकरची, धने घातलेली. हे सांगायला त्याने केतकरांना फोन केला. शैला गेल्यानंतर त्याला इतकं खुशीत त्यांनी ऐकलं नव्हतं. "फर्स्ट टाइम, ज्ञाना. माझी रेसिपी. आता ही बिघडली तर मी कुठल्या तोंडाने जाऊ तिथे?"

ती बिघडली. थोडीथोडकी नाही, सपशेल बिघडली.

बोर्ड वाटून काही आठवडे झाले होते. आधी टेरीने कुरकुर केली की बोर्डावरचा आकडा आणि त्याच्या जुन्या काचेच्या थर्मामीटरचा आकडा जुळत नाही. मग दुसऱ्याने तेच सांगितलं, मग तिसऱ्याने. कुणाचा बोर्ड थोडा जास्त दाखवायचा, कुणाचा भलताच जास्त. ड्रम गारठलेला असताना बोर्ड म्हणायचा, छान ऊब आहे, आणि पट्टा बंद करून टाकायचा. यीस्ट झोपलं. मग कमलाकर म्हणाला होता तेच झालं, बाकीचे जंतू पंगतीला बसले.

केतकर शेडमध्ये शिरले त्या दिवशी कमलाकरने ड्रमचं झाकण उघडलं आणि त्यांना ओकारीच आली. सडक्या कोबीचा वास, त्याच्या खाली नासक्या अंड्याचा, आणि त्या सगळ्यात कुठेतरी धन्यांचा. वर राखाडी साय धरली होती आणि तिच्यावर बुडबुडे येऊन फुटत होते. फरशी पायाला चिकटत होती. खिडकीत एक जुनं फडकं वाळत पडलं होतं, ते पाहून तर त्यांना कुठे उभं राहावं कळेना.

"बंद कर ते," केतकर म्हणाले. "कमलाकर, प्लीज."

"आधी बघ तरी. सेम प्रोब आहे. या बोर्डाला लावला की एकोणीस म्हणतो, टेरीच्या बोर्डाला लावला की तेवीस. आणि आत आहे पंधरा. प्रोब एकच, मग नंबर दोन कसे?"

प्रश्न चोख होता. दुसऱ्या कुणी विचारला असता तर केतकरांनी त्याला शाबासकी दिली असती. पण ते त्या वेळी श्वास रोखून उभे होते, आणि श्वास रोखलेला माणूस फार विचार करू शकत नाही. त्यांनी प्रोबची बोर्डात जाणारी पिन हातात घेतली. तिला काहीतरी चिकट लागलेलं होतं. त्यांनी ती दोन बोटांत धरून, मेलेली पाल धरावी तशी, लांब केली.

"हे बघ. हे बघ काय आहे. अशी पिन घातल्यावर बोर्ड काय कपाळ वाचणार?"

"अरे, ते आत्ता लागलं. ड्रम आतून बघ, सगळं स्टराइल करतो मी. थिएटरची सवय आहे मला."

"फरशी बघ तुझी!"

"फरशीत बिअर करत नाही मी, ज्ञाना."

केतकर सगळे बोर्ड आणि सगळे प्रोब पिशवीत भरून घरी घेऊन आले. रात्रभर ते दिवाणखान्यात रेडिएटरजवळ ठेवले. सकाळी डायनिंग टेबलावर बर्फाच्या पाण्याचं भांडं ठेवून एकेक प्रोब एकेका बोर्डाला लावून पाहिला. सगळे बोर्ड शून्य दाखवत होते. अदलाबदल केली तरी शून्यच. केतकरांना असं हायसं वाटलं की त्यांनी आश्लेषाकडे दुसरा चहा मागितला.

"म्हणजे बोर्ड बरोबर आहेत?" तिने विचारलं.

"माझे बोर्ड बरोबरच असतात. प्रोबच्या नळ्या कमलाकरने त्या शेडमध्ये बसून बंद केल्यात, सगळ्या क्लबाच्या. आत ओल गेली, घाण गेली. इथे वाळल्या, लगेच बरोबर चालल्या. सरळ आहे."

"भाऊजींना नीट सांगा हं. जपून."

जपून सांगणं हा केतकरांचा प्रांत नव्हता. आणि सांगायची वेळ आली ती क्लबाच्या बैठकीत, पबच्या मागच्या खोलीत, जिथल्या गालिच्यात कित्येक वर्षांची सांडलेली बिअर मुरलेली होती. केतकर खुर्चीच्या कडेवर टेकले होते, पाठीला काही लागू नये म्हणून. समोर टेरी, आणखी काही मंडळी, आणि कोपऱ्यात कमलाकर, इस्त्रीचा शर्ट घालून. सामना रद्द करावा लागला होता. कुणी आरडाओरडा करत नव्हतं, इंग्रज माणसं ती. टेरीने फक्त इतकंच विचारलं, की बोर्डांत काही दोष असू शकेल का?

असू शकेल का! केतकरांच्या नाकात सडका कोबी होता, अंगात तो गालिचा भरला होता आणि हा माणूस त्यांच्या बोर्डावर बोट ठेवत होता. ते उभे राहिले आणि इंग्रजीत, प्रत्येक शब्द सुटा करत, बोलले. बोर्ड घरी तपासले, निर्दोष आहेत, नाचता येईना अंगण वाकडं अशी आमच्याकडे म्हण आहे, दोष प्रोबमध्ये आहे आणि ते कुठे तयार झाले ते बघा. इथे थांबले असते तरी चाललं असतं. पण तोंडाला एकदा उतार लागला होता.

"त्या शेडमध्ये मांजरसुद्धा पाणी पिणार नाही," ते म्हणाले. "याची बायको होती तेव्हा ते घर बघायला हवं होतं तुम्ही. लखलखीत होतं. शैलाने आज हे बघितलं असतं तर तिला उलटी झाली असती. वास बिअरला येत नाहीये, मित्रांनो. वास याला येतोय."

टेरीने मान खाली घातली. कमलाकर म्हणाला, "आय ॲम सॉरी, एव्हरीबडी. इट मस्ट बी माय फॉल्ट," आणि कोट घेऊन निघून गेला.

घरी येताना केतकरांना आपण खरं बोललो याचंच समाधान होतं. आश्लेषाला सगळं सांगितल्यावर तिने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते समाधान जागच्या जागी विरलं. "शैलावहिनींचं नाव घेतलंत? परक्या लोकांत?" एवढंच ती म्हणाली, आणि उठून भांडी घासायला लागली. भांडी मशीनमध्ये लावायची सोडून ती हाताने घासत होती.

त्यानंतर कमलाकरचा फोन नाही. केतकरांनी केला तर मशीनवर जायचा. केतकरांनी बैठकीत परत केलेले सगळे बोर्ड टेरीने मात्र एके दिवशी खोक्यात भरून पुन्हा त्यांच्याकडे पाठवले. सोबत नम्रपणे लिहिलं होतं की त्याने दुकानातले नवे, सीलबंद प्रोब आणून लावून पाहिले, तरीही आकडे जुळत नाहीत, तेव्हा केतकरांना वेळ असेल तर बघावं.

केतकर चिडले. नवे प्रोब आणि तरी चूक? यांच्या गॅरेजमध्ये काय ठेवलेलं असतं देव जाणे. ठीक आहे, त्यांनी ठरवलं, यांच्या तोंडावर मारता येईल असा पुरावाच देतो. जी तपासणी त्यांनी कंपनीत नवशिक्याकडूनसुद्धा पहिल्यांदा करून घेतली असती आणि जी स्वतःच्या बोर्डाच्या बाबतीत कधी सुचलीच नव्हती, ती त्यांनी केली. प्रोब लावलाच नाही. प्रोबच्या जागी बरोबर वीस डिग्रीला जुळणारा, पक्क्या किमतीचा एकेक रेझिस्टर लावला. तो ना ओला होतो ना वाळतो, त्यामुळे बोर्डाने कायम वीसच दाखवायला हवेत. मग सगळे बोर्ड स्वतःच्या गॅरेजमध्ये, स्वतःच्या झाडलेल्या, पुसलेल्या फळीवर मांडून ठेवले. नोव्हेंबरची ओल भिंतीतून झिरपत होती.

सकाळी ते चहाचा कप घेऊन गॅरेजमध्ये गेले. एक बोर्ड बावीस म्हणत होता, एक चोवीस, एक सव्वीस. प्रोब नाही, यीस्ट नाही, कमलाकर नाही.

त्यांनी कप फळीवर ठेवला आणि पहिल्या डबीचं झाकण उघडलं. बोर्डाच्या कोपऱ्यात, प्रोबच्या सॉकेटशेजारी, जिथून दोन बारीक तांब्याच्या रेषा चिपकडे जात होत्या, तिथे एक लालपिवळा ठिपका होता. ओलीने तो पसरला होता आणि चिकचिकला होता. दुसऱ्या डबीत तसाच, जरा मोठा. तिसऱ्यात सर्वांत मोठा, तोच सव्वीस म्हणणारा. ठिपक्यात बोटाच्या रेषा स्पष्ट दिसत होत्या. त्या कुणाच्या आहेत हे पाहायला त्यांना भिंगाची गरज नव्हती.

दसरा. आश्लेषाने तबक आणलं होतं, शेवंतीची फुलं होती. दरवर्षीप्रमाणे केतकरांनी आपली हत्यारं मांडली होती, मीटर, सोल्डरिंग आयर्न, लॅपटॉप. आणि त्या वर्षी टेबलाच्या मधोमध नवे कोरे बोर्ड, कमलाकरसाठीचासुद्धा, झाकणं उघडी ठेवून. तपासून पास केलेले. पाण्यात बोट बुडवून त्यांनी प्रत्येकाला हळद लावली, कुंकू लावलं, हात जोडले. चिपवर पडू नये म्हणून मुद्दाम मोकळा कोपरा निवडला होता. वडिलांच्या वर्कशॉपमध्ये लेथला लावायचे तसंच. लेथला काय होतंय? पण इथे दोन रेषांमध्ये हळद, कुंकवातला चुना आणि पाणी यांचा एक छोटासा पूल त्यांनी स्वतः बांधला होता, आणि प्रोबकडे जायची वीज त्या पुलावरून चोरवाटेने पसार होत होती. दिवाणखान्यात रेडिएटरशी पूल वाळायचा. शेडमध्ये तो ओला व्हायचा. ज्याला जेवढं कुंकू, त्याची तेवढी चूक.

कंपनीत हातमोजे घालणारा माणूस. सँडविचवाल्याला हाकलणारा. त्यांनी बोर्डाला ओलं बोट लावलं होतं आणि आपण बोर्डाला बोट लावलं हे त्यांच्या गावीही नव्हतं, कारण ती घाण नव्हती, ती पूजा होती. काखेत कळसा आणि गावाला वळसा, आणि वाटेत एका माणसाला तुडवून. केतकरांना स्वतःची अशी शिसारी आली की त्या बोटाचं काय करावं ते त्यांना कळेना. त्यांनी ते पँटला पुसलं.

टेरीला त्यांनी लगेच फोन केला आणि काही न लपवता सांगितलं. हळद म्हणजे काय, कुंकू म्हणजे काय, ते कुठे लावलं आणि का. टेरी पोट धरून हसला. झकास गोष्ट आहे, म्हणाला, क्लबात सांगतो. बोर्ड पुसून परत पाठवा, जानेवारीत पुन्हा करू. चुका होतात. केतकरांना वाटलं नव्हतं इतकं ते सोपं गेलं. वॉटफर्डला जाताना त्यांचं मन जवळजवळ हलकं झालं होतं. कमलाकर शिव्या घालेल, ते त्यांनी मनात घोळवून पाहिलं. लेका, इंजिनिअर कुणी केलं तुला, म्हणेल. ऐकून घेऊ, दोन तास ऐकून घेऊ.

गल्लीच्या तोंडाशी काच खाली केली तर वास नव्हता. दारात उतरले तरी नव्हता.

कमलाकर मागच्या अंगणात होता. हातात रबरी मोजे, पायात गमबूट. शेडचं दार सताड उघडं होतं आणि आतून ब्लीचचा डोळे चुरचुरणारा भपका येत होता. ड्रम गेले होते, नळ्या गेल्या होत्या. फरशी घासून घासून पांढरी फटक केली होती. फळीवर एकही वस्तू नव्हती.

"ये," तो म्हणाला. "सगळं टिपला, कचरा डेपोत टाकून आलो. बिअर गटारात ओतली. आता वास येतो का, बघ."

"कमलाकर, चूक माझी होती. बोर्डाची." केतकरांनी खिशातून न पुसलेली एक डबी काढली, उघडली आणि पुढे धरली. "दसऱ्याला कुंकू लावलं मी सगळ्यांना. ते ओलं झालं की रीडिंग चुकतं. तुझे प्रोब चांगले होते. तुझी शेड चांगली होती. टेरीला मी सांगितलंय सगळं, ते तुझी वाट बघतायत. मी मूर्ख आहे. घाल शिव्या."

कमलाकरने मोजे काढले, चष्मा लावला आणि डबी उजेडात धरून नीट पाहिली. भूल द्यायच्या आधी पेशंटचे कागद तो असेच बघत असावा. मग झाकण लावून ती परत केली.

"हे समजलं मला," तो म्हणाला. "होतं असं. मीही लावलं असतं." त्याचा आवाज अगदी साधा होता. "शैलाचं नाव का काढलंस?"

बोर्ड, ओल, वास, राग, सगळी कारणं केतकरांनी मनात एकामागून एक पुढे आणून पाहिली आणि एकही तिथवर पोचत नव्हतं. कमलाकर थांबला होता, उत्तर खरंच हवं असल्यासारखा.

"मी घासत होतो रोज, ज्ञाना," शेवटी तो म्हणाला. "ती गेल्यावर पहिल्यांदा काहीतरी घासावंसं वाटलं होतं मला."

मग त्याने मोजे पुन्हा चढवले, बादली उचलली आणि आत जाऊन तीच पांढरी फरशी पुन्हा घासायला लागला.